घोंगड्यांचा डोंगर

जाहेदाबी आमच्या आखाडा बाळापुरात ब्लाउज शिवतात. महालक्ष्म्यांच्या साड्यांना निऱ्या घालून देणाऱ्याही त्याच, आणि हातपाय धुतल्याशिवाय त्या साड्यांना हात लावत नाहीत. यंदा त्यांनी नाटकाचे कपडे केले, देखावाही केला. ते आज वहीत लिहून ठेवते.

नाटक किशनराव मास्तरांच्या शिवशंकरनं बसवलं. पोरगं पुण्याला गाणं शिकून आलंय. मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं गेलेल्या बहिणीला एक बाई हाका मारते, एवढीच गोष्ट. पण त्यात बोलणं म्हणून नाहीच, सगळं गाऊन. भांडणसुद्धा गाऊन.

"आमच्या घरी एवढं सुरात भांडले असते तर बरं झालं असतं, भाभी," जाहेदाबी मला म्हणाल्या.

मुख्य गाणारी सत्यशीला माप द्यायला आली, तर त्यांनी तिला गायला लावलं. पोरगी लाजली.

"काहून लाजून राहिली? गप उभी राहशील तर गप बाईचं माप येईल. तान घे. छाती किती फुगते ते बघू दे."

तिनं पुरा श्वास भरला, तेव्हा जाहेदाबींनी मापाचा टेप लावला. तिच्या साथीच्या बाराही गाणारणींचं माप असंच घेतलं. मी तिथं बसून पाहत होते.

शिवशंकर नांदेडहून जंगलाचे रंगवलेले पडदे किरायानं आणणार होता. जाहेदाबींनी त्याला अडवलं. पुसेगावच्या चंद्रभागाबाईंकडं मेंढरं आहेत, त्यांच्याकडून बारा काळी घोंगडी मागून आणली. बाईंची अट एकच, कात्री लावायची नाही. मग महिनाभर लांब टाके घालून ती जोडली आणि मंगल कार्यालयाच्या स्टेजवर मागच्या भिंतीला न् दोन्ही बाजूंना टांगली. खराखुरा डोंगर. मी तर हात जोडले.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम झाली. सत्यशीलानं हाक घातली अन् ती तिसऱ्या रांगेतच विरली. परत घातली, तरी तेच.

"लोकर आवाज पिऊन राहिली, मावशी," शिवशंकर म्हणाला. "डोंगर काढावा लागंल. आत्ताच नांदेडला कळवतो, उद्या सकाळी पडदे येतील."

जाहेदाबी शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून म्हणाल्या, "एक बाजू सोडा." सोडली. थोडं ऐकू आलं. "दुसरी बाजू अन् मागचं पण सोडा." उघड्या भिंतीवर आपटून हाक थेट शेवटच्या रांगेपर्यंत आली. पण डोंगर खाली ढीग होऊन पडला होता. महिनाभराचं काम होतं ते. मला त्यांच्या तोंडाकडं पाहवेना.

त्या उठल्या, स्टेजवर गेल्या आणि खाली बसून टाके उसवायला लागल्या.

"एकेक घोंगडं अंगावर घ्या गं," गाणारणींना म्हणाल्या. "डोकं झाका, तोंड उघडं ठेवा. पुढच्या खाली बसा, मधल्या बाकड्यावर, मागच्या उभ्या. आता वाका."

डोंगर झाला. भिंत मोकळीच राहिली.

"अन् बहीण हाकेला ओ देते तवा सगळ्यांनी उठायचं."

शिवशंकरनं परत नांदेडला फोन लावून पडदे नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं एक वात जास्त लावली. संध्याकाळी कार्यालय भरलं. चंद्रभागाबाई पहिल्या रांगेत होत्या. सत्यशीलानं हाक घातली, बहिणीनं ओ दिली आणि अख्खा डोंगर उठून गायला लागला, तशा त्या शेजारणीला म्हणाल्या, "ते कडंचं घोंगडं माझ्या सासूचं."

जाहेदाबी पडद्यामागं नव्हत्या. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. शिवशंकर वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "पोचतंय का हो, मावशी?"

"गप बस रे," त्या म्हणाल्या. "ऐकू दे."