डबाभर वाचवलेला कोळसा

चहाचा घोट आधी गिळा बाई, नाहीतर ठसका लागेल! माझ्या काटकसरीची गोष्ट सांगतेय.

लढाईचे दिवस. सांगलीत लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा मिळेना, म्हणून आमच्या ह्यांनी दगडी कोळशाचं पोतं आणलं, वर नवी जाळीची शेगडी. मी औंधची. आमच्याकडं स्वयंपाक झाला की निखाऱ्यांवर पाणी मारायचं, विझलेले कोळसे वाळवायचे आणि पुन्हा वापरायचे. आईनं शिकवलं होतं ना! इथंही मी तेच सुरू केलं. जाळीवर लालभडक गोळे उरायचे. पाणी मारलं की चर्रर्र! मग उन्हात वाळवून डब्यात. महिन्याभरात डबा शिगोशीग!

तशात शांताला, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला आटपाडीचे पाहुणे येणार असं ठरलं. याआधी दोन ठिकाणं मोडलेली. सासूबाईंचा जीव टांगणीला लागलेला. हे म्हणाले, "पोतं संपलंय, कोळसा आणू का?"

"काही नको! माझा डबा आहे की!" काय तो माझा तोरा!

पाहुणे आले. मी पोहे भिजवले, शेगडी भरली, काडी ओढली. पेटेना! चिंध्या घातल्या, रॉकेल ओतलं. भडका उडाला आणि विझला. फुंकून फुंकून माझे डोळे लाल, नाकाला काजळी.

दारातून सासूबाई, "अगं, पोहे?"

"आलेच!"

"अगं, पोहे?"

"आलेच हो!"

इकडं पोह्यांचा लगदा व्हायला लागला. आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? मी सरळ पदर डोळ्याला लावून रडायला बसले.

रॉकेलचा धूर बघून मुलाचे वडीलच आत डोकावले. धिप्पाड, मिशाळ म्हातारा. चिमट्यानं एक गोळा उचलला आणि हो हो करून हसायला लागला.

"आवं बाई, ह्यो कोळसा न्हवं! खंगर हाय ह्यो, खंगर! कोळशाची राख वितळून दगूड झालाय. ह्यो काय जळतोय व्हय? माझी वीटभट्टी हाय, असला ढीग रोज फेकतो आमी!"

"डबाभर आहेत," मी हुंदका देत म्हणाले.

"डबाभर?" म्हातारा भिंतीलाच टेकला. मग बाहेर ओरडला, "आरं, ह्या बाईनं डबाभर खंगर वाळवून ठिवलंय गड्या!"

सगळी बैठक खो खो हसली. खाली मान घालून बसलेली शांतासुद्धा फिस्सकन हसली. शेवटी शेजारच्या काकूंच्या चुलीवर चहा झाला. पोह्यांचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना म्हातारा उंबऱ्यात थांबला. "पोरगी पसंत हाय आमाला. लय ग्वाड हसती. पर एक अट हाय."

सगळ्यांचे चेहरे पडले.

"लग्नाचा सैपाक आमचा आचारी करंल. ह्या वहिनींनी मांडवात खुशाल मिरवावं, पर चुलीकडं फिरकायचं न्हाई!"

आमच्या सासूबाई साध्या भाजीलासुद्धा "बघू" म्हणणाऱ्या. पण त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "कबूल! अगदी कबूल! आणि बारशालाही तुमचाच आचारी पाठवा!"