भैरोबा कौल देईना

भैरोबावर माझा जन्माचा विश्वास. पण त्या चैत्रात मी त्याच्यावर चांगलीच चिडले होते. गुडघ्यांनी दावा मांडला होता. खाली बसले की उठवायला घरातली माणसं गोळा करावी लागत. मुलानं पुण्याहून निर्वाणीचं सांगितलं, "आई, एक तर ऑपरेशन कर, न्हाय तर आमच्याकडं चल. हितं लिफ्ट हाय." लिफ्ट आहे, पण अंगण नाही, शेळ्या नाहीत, भैरोबा नाही. आणि ऑपरेशनचं नुसतं नाव निघालं की मी बोलणं शेळ्यांवर नेई.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी खरं तर तिसरंच सांगितलं होतं. हाडांची झीज भरून येणार नाही, पण मांड्यांत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन उतरवा, चाला, बसल्या बसल्या पाय सरळ धरा. मला रागच आला. जन्मभर उसात खुरपलं, आता या पोरीकडून चालायला शिकू? घरी येऊन निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं, एरंडाची पानं गरम करून बांधली. शेकानं बरं वाटे हे खरं, पण शेळी त्या पानांसाठी माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राही. मेथीचे लाडू मात्र नेमानं खाल्ले, चांगले तुपातले. आमचे मालक म्हणाले, "गुडघ्यांचं म्हाईत न्हाय, बाकी सगळीकडं गुण आलाय."

शेवटी कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवायचं, मनातलं विचारायचं आणि कुठलं आधी पडतं ते बघत उभं राहायचं. उजवं पडलं तर ऑपरेशन, डावं पडलं तर पुणं. टेकाडावरच्या पायऱ्या मी मालकांच्या खांद्याला धरून, देवाला दोन आणि मालकांना चार शब्द सुनावत चढले. पाय भरून आले तरी फूल ढिम्म हलेना.

"आज देवाच्या मनात न्हाय. उद्या या," गुरवतात्या म्हणाले.

"आन् गुडघे कुणाचे आणू?"

पण कौल अर्धा सोडता येत नाही. रोज जाणं आलं. शेंदूर ताजा असतो म्हणून फुलं चिकटून बसतात, असं मालकांचं मत. असेल बाई, मी वाद घालत नाही. उभं राहून मुंग्या येत म्हणून मी टाचा वर-खाली करी. ओट्यावर टेकले की एक पाय सरळ धरून आरतीचं कडवं म्हणे, मग दुसरा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच, पण व्यायाम म्हणून नव्हे हं, वेळ जावा म्हणून! कौल मिळेपर्यंत गोड वर्ज्य, असं गुरवतात्यांनी बजावल्यामुळं लाडूही सुटले.

पावसाळा सरला तरी देव गप्पच. एक दिवस मुलगा गाडी घेऊन न्यायलाच आला. म्हटलं, देवाला शेवटचं विचारून येऊ. अर्ध्या वाटेत तो कठड्याला टेकून धापा टाकू लागला. मी वरून विचारलं, "काय रं, लिफ्ट पायजे का?"

गाभाऱ्यात मात्र माझं सगळं अवसान गळालं. घर सुटणार म्हणून डोळ्यांना धार लागली. "आता काय ते सांग रं बाबा," म्हणाले, आणि डोळे पुसते तोच फूल पडलं. मी खाली बसले, ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि उठले. मुलगा बघतच राहिला.

"आई, तू खाली बसलीस? आन् कुणाला न धरता उठलीस?"

माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. बाहेरून गुरवतात्यांनी विचारलं, "कुठलं पडलं? उजवं का डावं?"

मुलगा पुढं झाला. देवाच्या खांद्यावरचं दुसरं फूल त्यानं हळूच काढून पायाशी ठेवलं. "दोन्ही पडली, तात्या," तो म्हणाला, आणि एकटाच पुण्याला गेला.

गुडघे अजूनही कुरकुरतात, थंडीत जास्तच. निर्गुडीचा शेक चालू आहे. देवापुढं दोनच वाटा ठेवून यातली एक निवड म्हणणारी मी कोण? तो गप्प राहिला आणि मला रोज पायऱ्या चढवत राहिला, हे त्याचे उपकार. आता मी काहीच विचारत नाही. हात जोडते, टाचा वर-खाली करते, तुझ्या मर्जीनं होऊ दे म्हणते आणि उतरते. मालक मागून ओरडत असतात, "अगं, जरा दमानं!"