देवीवर सोडलं तेव्हा

त्या वर्षांत आमच्या तेल्हाऱ्याकडं चांगली बातमी ऐकायची सवयच सुटली होती. कापूस हाती लागत नव्हता, गावोगाव घरं सुन्न झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या लिव्हरमध्ये मोठी गाठ असल्याचं सांगितलं, तेव्हा घरात कुणी पुढचं विचारलंच नाही. गाठ म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे शेवट. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तर तिथं एक डॉक्टर एक सांगे, दुसरा दुसरंच. बाकावर बसल्या बसल्या माझा धीर सुटला. मी यजमानांना म्हटलं, "चला घरी. म्या देवीवर सोडलं आता." बोलताना मनात भक्ती नव्हती, राग होता. माझी लेक अजून परकरात होती.

दाराशी एक बाई आडव्या आल्या. त्यांचं नाव रेहाना आपा. एका विभागाचा पेशंट दुसऱ्या विभागाशी जोडून द्यायचा, हे त्यांचं काम.

"रडत कावून चालल्या ताई? सगळ्या डॉक्टरनं मिळून पाह्यलं का तुमाले?"

"आता काय पाहाचं आपा? देवीवर सोडलं."

त्यांनी हिरव्या बांगड्या भरलेल्या, खरबरीत हातानं माझा हात धरला. "मंग तिनंच मले दारात उभं केलं असंन. चाला."

अवघड आजारांवर सगळे डॉक्टर एकत्र बसतात तो नेमका तोच दिवस होता. आपांनी माझे रिपोर्ट आत नेले. आम्ही बाहेर थांबलो, तेव्हा त्यांनीच समजावलं : लिव्हरची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. एखादी नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता असते, जन्मभर त्रास देत नाही. एखादी साधीच, पण वाढली तर फुटू शकते. कॅन्सरच्या काही लिव्हरमध्येच उठतात, काही दुसरीकडून पसरून येतात. कुठली कोणती, हे एकट्यादुकट्याला ठरवता येत नाही.

पोटाचे, स्कॅनचे, कॅन्सरचे, ऑपरेशनचे, सगळे डॉक्टर एकमतानं म्हणाले : गाठ साधी दिसते, पण फुटायच्या बेतात आहे, लगेच काढा. मी घरी गेले असते, तर?

ऑपरेशनच्या टेबलावर मी डोळे मिटले. "माय, आता तू जाण," एवढंच म्हटलं. या खेपेला राग नव्हता. अंग हलकं झालं, जणू कुणी कडेवर घेतलं.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला : कॅन्सर नाही. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे यजमान वॉर्डात ओरडले, "वाचली! मायी लक्ष्मी वाचली!" अनोळखी पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. रेहाना आपा दोन्ही हात पसरून वर बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आज लेकीचं लग्न होऊन नात माझ्या मांडीवर खेळते. बाकावरून उठले तेव्हा मी हरले होते, आणि त्या हरण्यालाच देवीवर सोडणं म्हणत होते. खरं सोडणं नंतर कळलं. ती ज्या हातांनी येते, ते हात ओळखायचे आणि आपला हात त्यांत निर्धास्त द्यायचा. माझी माय त्या दिवशी हिरव्या बांगड्यांचा, खरबरीत तळव्याचा हात घेऊन आली होती.