तुम्हा लोकांना वाचन जमायचं नाही

"बोट काढ. पहिलीत आहेस का?"

सर म्हणाले आणि वर्ग हसला. पालघरचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष, अर्थशास्त्र. मी उभी राहून इंग्रजी पान वाचत होते, ओळीखाली बोट ठेवून. बोट काढलं. ओळ सुटली. पुन्हा हसले.

"बरं, सांग. लेखकाचं म्हणणं काय?"

धडा मी कितीदा वाचला होता. शब्दाशब्दावर पेन्सिलीनं अर्थ लिहिले होते. पान काळं झालं होतं. पण म्हणणं? ते कुठं असतं? मी पान पुन्हा वरून खाली चाळू लागले.

"तुम्हा लोकांना वाचन जमायचं नाही. गाईड घ्या, पाठ करा. राखीव सीट तर मिळतेच."

तुम्हा लोकांना. मी मनोरकडच्या आदिवासी पाड्यावरची. वर्गात माझ्यासारखी आणखी एकच, माझी रूममेट. तिनं मान खाली घातली. मी बसले.

सुट्टीत तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतली एक मुलगी जवळ आली. "अगं, शब्द न् शब्द कोण वाचतं? आधी मथळे बघायचे, शेवटचा परिच्छेद बघायचा. मग आपले प्रश्न काढायचे आणि उत्तरं शोधत वाचायचं. शाळेत नाही शिकवलं?"

नाही शिकवलं. आश्रमशाळेत बाई फळ्यावर उत्तरं लिहायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो.

तिचा राग नाही आला. राग आला तो वेगळाच. म्हणजे ही रीत होती! चहा पिता पिता सांगून होणारी. सरांना ती ठाऊक होती. ती सांगायची सोडून ते आमच्या जमातीलाच दोष देत होते. आणि मी? मी स्वतःला मठ्ठ समजत आले.

होस्टेलवर रूममेटबरोबर धडा त्या रीतीनं वाचला. मग तिला म्हटलं, "पुस्तक मीट. आता आपल्या बोलीत सांग, हा लेखक काय सांगतं?"

ती विचार करून म्हणाली, "जमीन गेली का मानूस मजूर होतं."

"खरं हाय का?"

"खरं हाय. पन जमीन नेली कोनी, ते नाय सांगत."

मी ते वहीत लिहून घेतलं. पुस्तकाला पहिल्यांदा उलटा सवाल केला होता.

पुढच्या तासाला मी हात वर केला. हेच बोलले, असंच बोलले.

"आधी भाषा शुद्ध कर," सर म्हणाले.

"सर, म्हननं चूक हाय का, ते सांगा. भाषा माझी हाय."

कुणी हसलं नाही. सरांनी पान उलटलं. चाचणीत मला काठावर पास केलं. विचारायला गेले तर म्हणाले, "उद्धटपणाला मार्क नसतात."

नसू देत. आता जव्हार-विक्रमगडकडच्या नव्या मुली कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर आमच्याजवळ बसतात. धडा कसा फोडायचा, प्रश्न कसा काढायचा, पुस्तक मिटून आपल्या बोलीत कसं सांगायचं, सगळं उघड करून सांगतो. काही लपवत नाही.

परवा शिपाई निरोप घेऊन आला. "सर सांगतात, इथं घोळका करू नका."

मी म्हटलं, "सरांना सांग, आमी वाचतोय."

उठलो नाही. उठणार नाही.