फांदीने दिलेली उत्तरं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, रोह्याच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला सरांनी एका कातकरी बाईचा सर्वेक्षण फॉर्म मोठ्याने वाचला. ती बाई माझी आई. मी तिसऱ्या बाकावर बसले होते.

वर्ग प्रथम वर्षाचा, धडा संशोधन पद्धतींचा. त्याआधी सिद्धांत शिकवून झाले होते. समाज शरीरासारखा असतो, प्रत्येक अवयवाचं एक काम असतं, हा एक. समाजात कायम ओढाताण चालते आणि साधनं ज्याच्या हातात त्याचं चालतं, हा दुसरा. सरांना पहिला आवडायचा.

फॉर्म वाचण्याआधी सर म्हणाले, "नाव सांगणार नाही. संशोधनात गोपनीयता पाळायची असते." मग त्यांनी वाडीचं नाव वाचलं. वय, अंदाजे चाळीस. शिक्षण, निरक्षर. नवऱ्याला व्यसन, होय, रोज. मुलीच्या शिक्षणाबद्दल मत, गरज वाटत नाही. अपत्ये, एक मुलगी, रोह्यात कॉलेजला.

त्या वाडीतून कॉलेजात येणारी मी एकटीच. सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

"सर, लाइव्ह नमुना," मागून एक मुलगा म्हणाला. हशा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी थांबवलंही नाही.

"उभी राहा," ते मला म्हणाले. "लाजू नकोस. आईला शिक्षण नको, तरी मुलगी कॉलेजात. हा विरोधाभास आहे. वर्गाला सांग, घरचं वातावरण कसं असतं?"

मी उभी राहिले. "बरं असतं, सर," एवढं म्हणाले आणि बसले. त्या दिवशी मी दुसरं काही बोलले नाही. हेही नोंदवून ठेवते.

माझे वडील मी सातवीत असताना वारले. फॉर्मप्रमाणे ते रोज पीत होते.

सर्वेक्षण डिसेंबरात झालं होतं. सरांनी वर्गातली आठ मुलं निवडून त्यांना ग्रामपंचायतीची घरयादी दिली होती. मीही हात वर केला होता. सर म्हणाले, "तू नको. तू तिथलीच. संशोधकाला तटस्थ राहावं लागतं." मला ते तेव्हा पटलं होतं. तटस्थता हा शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

बुधवारी वसतिगृहावर परतताना मी पहिला संशय घेतला तो आईवर. बाहेरची माणसं वही घेऊन आली की वाडीतली माणसं समोरच्याला हवं ते बोलतात. व्हय म्हटलं की लवकर सुटका होते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आई बोलली असेल? मेलेल्या माणसाबद्दल? माझ्याबद्दल? दोन दिवस मी तिला फोन केला नाही.

शुक्रवारी सरांनी फॉर्म वर्गात वाटले. उत्तरं मोजून तक्ते करायचे होते, त्याला प्रकल्पाचे गुण होते. आमच्या वाडीचा गठ्ठा माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे आला. ती कोलाडची. हायवेला तिच्या वडिलांचं हॉटेल आहे. गठ्ठा तिने न मागता माझ्याकडे सरकवला.

"तुझ्या आईचा बघ," ती म्हणाली.

फॉर्मच्या तळाशी, उत्तरदात्याची सही असं छापलं होतं तिथे, निळ्या शाईचा अंगठा होता.

आई सही करते. मी आठवीत असताना तिला शिकवली. पाटीवर, मग पाठकोऱ्या कागदावर, चार महिने.

"हे कुठे भरले, माहीत आहे तुला?" मैत्रीण म्हणाली. "आमच्या हॉटेलात. चौघं होते. वडापाव खात भरत होते. मी स्वतः चहा ठेवला त्यांच्यापुढे."

"बुधवारी का नाही बोललीस?"

"सगळे हसत होते."

"तू?"

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मी पण."

मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. हसणारी माणसं नंतर मदत करायला का येतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिचं सांगणं मी वहीत लिहून घेतलं. फॉर्मचा फोटो काढला. रविवारी एसटीने पेणला गेले.

आमच्या वाडीतली बहुतेक घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या वर्षी आई पेणजवळच्या भट्टीवर होती. मी पोचले तेव्हा ती विटा थापत होती. हात गाऱ्याने भरलेले, म्हणून मोबाइल मीच तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"कुणाचा अंगठा गो ह्यो?"

"तुझ्या नावाखाली हाय."

"माजा नाय. मला सही येते." ती परत साच्यात गारा भरू लागली. "कवा आलंवतं कोण?"

"डिसेंबरात. कॉलेजची पोरं."

"डिसेंबरात? तवा आमी हितं. वाडीवर कुत्रं नव्हतं." तिने साचा उचलला, वीट जमिनीवर सोडली. "मंग इचारलं कुणाला? फांदीला?"

शेजारची बाई हसली. आई हसली नाही. तिने मला फॉर्म पूर्ण वाचायला लावला. व्यसनाच्या ओळीला तिचे हात थांबले. शिक्षणाच्या ओळीला ती म्हणाली, "हे तुज्या मास्तराने सगळ्यांम्होरं वाचलं?"

"व्हय."

"आनि तू काय बोललीस?"

मी सांगितलं. तिने पुढची वीट थापली.

फांदीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरांना कुलूप नसतं. भट्टीवर जाताना दाराला करवंदीची काटेरी फांदी आडवी बांधतात. फांदी दिसली की घरात कोणी नाही, हे आसपासच्या गावांतली लहान मुलंही ओळखतात.

परतीच्या एसटीत मी फॉर्मचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मुलाखतीच्या प्रश्नांच्या वर एक वेगळा रकाना होता, घराचे निरीक्षण. तिथे न विचारता, डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. आईच्या फॉर्मवर लिहिलं होतं: दारात काटेरी फांद्या टाकलेल्या. परिसर अस्वच्छ.

म्हणजे मुलं वाडीत आली होती. त्यांनी फांदी पाहिली, घाण म्हणून लिहिली आणि कोलाडला जाऊन बंद घराची उत्तरं भरली.

सोमवारी मी पूर्ण गठ्ठा तपासला. वाडीची घरं एकवीस, फॉर्म एकवीस. सतरा फॉर्मवर काट्यांची नोंद होती. त्या सतराही घरांची उत्तरं भरलेली होती आणि सतरांखाली अंगठे होते. उरलेल्या चार घरांत मागे राहिलेली म्हातारी माणसं होती. ते फॉर्म खरे असू शकतात, म्हणून मी वेगळे ठेवले. एका पद्धतीने मिळालेली माहिती दुसऱ्या पद्धतीने पडताळावी, हे सरांनीच शिकवलं होतं.

मंगळवारी तास संपल्यावर मी गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर एकटे होते. त्यांनी दोन फॉर्म पाहिले, बाकीचे पाहिले नाहीत.

"मुलांनी शेजाऱ्यांना विचारलं असेल. अप्रत्यक्ष स्रोत म्हणतात त्याला."

"चार म्हातारी सोडली तर शेजारीही नव्हते, सर. फांदी म्हणजे घर बंद."

"हे पुस्तकात कुठे आहे?"

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "अहवाल पुढच्या महिन्यात पेणच्या चर्चासत्रात जायचाय. आठ मुलांचं वर्ष आहे त्यात. तू एक काम कर. तुझी माणसं आहेत, तुझं ऐकतील. भट्टीवर जाऊन त्यांच्या संमतीच्या सह्या आण. मागची तारीख घालू. क्षेत्र सहायक म्हणून तुझं नाव अहवालात येईल. कातकरी मुलीचं नाव अहवालात, छोटी गोष्ट नाही ही."

माझं नाव छापून येणार होतं, आईच्या खोट्या अंगठ्यासकट.

"मी तटस्थ नाही, सर," मी म्हणाले. "डिसेंबरात तुम्हीच म्हणाला होतात."

"उद्धटपणा करू नकोस. प्रकल्पाचे गुण मी देतो."

"व्हय, सर," मी म्हणाले. कॉलेजात मी कधी व्हय म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाले. गठ्ठा उचलला आणि बाहेर आले.

त्याच आठवड्यात मी तक्ते पूर्ण करून दिले. चार घरांची उत्तरं भरली. सतरा घरांपुढे प्रत्येक रकान्यात एकच नोंद केली: घर बंद, मुलाखत झालेली नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला. सतरा फॉर्म अहवालातून काढावेत आणि माझ्या आईबद्दल वर्गात जे वाचलं ते खोटं होतं, हे त्याच वर्गात सांगावं, अशी मागणी केली. क्लार्कने अर्ज दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

अहवाल फेब्रुवारीत चर्चासत्रात सादर झाला, एकवीस घरांसह. वर्गात काही सांगितलं गेलं नाही. प्रकल्पात मला नापास केलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वाडी परतली. दारांच्या फांद्या निघाल्या. मी कोरे फॉर्म घेऊन सतरा घरांत गेले. वर एक प्रश्न जास्तीचा घातला होता: याआधी कोणी तुम्हाला हे प्रश्न विचारले होते का?

पहिलं घर आमचं. आईने आधी मला विचारलं, "हे कोन वाचनार?"

"विद्यापीठात पाठवणार आहे."

"वर्गात वाचतील?"

"तू म्हटलंस तर."

"वाचूं दे." मुलीच्या शिक्षणाच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं, "शिकतेय. शिकंल." नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तो रकाना मी कोरा ठेवला.

जास्तीच्या प्रश्नाला सतराही घरांचं उत्तर आलं, नाही. फॉर्मच्या प्रती आणि अर्ज जूनच्या पहिल्या सोमवारी रोह्याच्या पोस्टातून रजिस्टरने विद्यापीठाला गेले. त्याच दिवशी मी दुसऱ्या वर्षाचा प्रवेशअर्ज भरला. मुख्य विषय, समाजशास्त्र.

सतरा फॉर्मवर पंधरा सह्या आणि दोन अंगठे आहेत. पहिली सही आईची. अंगठे ज्यांचे आहेत त्यांनी माझ्यासमोर उठवले.