नागूने वाचलेली बातमी

आधीच सांगून ठेवते, भूत, करणी, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, राज्यघटनेचं कलम ५१-अ... हे मी नुसतं पाठ केलेलं नाही, आमच्या गल्लीत लोकांशी त्यावरून भांडलेही आहे. तेव्हा खाली कमेंटमध्ये "ताई, दाराला लिंबू-मिरची बांधा" असलं काही लिहू नका. माझ्या धाकट्या भावाचा जीव त्या सकाळी टांगणीला लागला होता आणि तो कसा वाचला हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहितेय. एरवी मी या वाटेला फिरकले नसते.

आणखी एक. मी म्हैसूरची. आमचे कोणी पूर्वज म्हणे इथल्या वडेयार महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. माझं मराठी सुधारलं ते श्वेतामुळे. ही श्वेता लातूरची, नोकरीसाठी इथं आलेली, जयलक्ष्मीपुरममध्ये पीजीत राहते. लायब्ररीत ओळख झाली, कारण दोघीही नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होतो आणि दोघींनाही खिडकीजवळचीच खुर्ची हवी असायची. तिसरा आमचा नागू, म्हणजे नागेश, माझा भाऊ. तो राज्य सेवेची परीक्षा देतो.

आमची पद्धत अशी होती. रोज सकाळी सातला फोनवर तिघांनी पेपर वाचायचा. एकट्यानं सगळा पेपर काढायला दोन-अडीच तास जातात, म्हणून पानं वाटून घेतली होती. श्वेताकडे अग्रलेख आणि परराष्ट्र, माझ्याकडे अर्थव्यवस्था आणि पर्यावरण, नागूकडे कन्नड पेपरातलं राज्य. तो कन्नडमध्ये वाचायचा आणि श्वेतासाठी लगेच मराठीत सांगायचा. मी मंडी मोहल्ल्यात आमच्या घराच्या गच्चीवर बसायचे. नागू त्याच घरात खाली झोपलेला असला तरी अंथरुणातूनच कॉलवर यायचा, इतका आळशी.

तयारी करणाऱ्यांना एक रोग जडतो. पेपर हातात आला की डोळे आपोआप गाळायला लागतात. योजना? घ्या. करार? घ्या. कुठला अहवाल? घ्या. अपघात, चोरी, सिनेमा, गावची जत्रा? सोडा. माणूस मेला तरी त्याचा जीएस, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपर दोनला उपयोग काय, एवढंच डोक्यात येतं. कुणी भलती बातमी काढली की मी फक्त एक शब्द म्हणायचे — "सिलॅबस?" — आणि त्यानं ती बातमी तिथंच टाकायची. हा नियम माझाच. आणि तो मोडणारा कायम नागूच! कुठं उसाच्या शेतात बिबट्या आला, कुठं लग्नात जेवण कमी पडून मारामारी झाली... हा रंगवून सांगणार, श्वेता खिदळणार, आणि मी दोघांवर खेकसणार.

सरगूरला आमची मावशी राहते. तिथं तिची आणि काकांची आल्याची शेती आहे. आल्याची काढणी चालू होती, म्हणून नागू बाईक घेऊन मदतीला गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, "अक्का, मावशी सोडत नाही बघ. राहिलो तर सकाळी येतो." मी आयतु म्हणाले, म्हणजे बरं म्हणाले, आणि आईलाही तसंच सांगितलं. आम्ही सगळे निवांत झोपलो.

सकाळी मी श्वेताला फोन लावला. आता नागूला जोडून घ्यावं म्हणून बोट पुढे करतेय तोच त्याचा आवाज आला, "गुड मॉर्निंग अक्का."

मला वाटलं श्वेतानं आधीच जोडून घेतलंय. तिला वाटलं मी जोडलंय. दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

आवाज त्याचाच होता. थोडा जड होता, पण सकाळी तसाच असतो तो. श्वेतानं अग्रलेख सांगितला, मध्ये एकदा अडखळली, मी तिला टोकलं. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग मी म्हटलं, "चल नागू, राज्य."

त्यानं बातमी सांगायला सुरुवात केली. बातमीदाराच्या त्या सपाट सुरात.

"सरगूरजवळ कालव्याच्या रस्त्यावर दुचाकी घसरून तरुण गंभीर जखमी."

"सिलॅबस?" मी म्हटलं.

श्वेता हसली. "अहो नागेशराव, सकाळी सकाळी काय हे!"

एरवी तो इथं "अय्यो अक्का, स्वल्प ऐक तरी" असं काहीतरी म्हणतो. त्या दिवशी तो हसला नाही, चिडलाही नाही. पुढचं वाक्य वाचलं.

"साड्यांचं कुंपण असलेल्या आल्याच्या शेताजवळ ही घटना घडली. तरुण पाणी मागत होता."

"नागू, गप्प बस. लोकल आहे ते, सोड. पुढची बातमी आहे का?"

"तरुण पाणी मागत होता," तो पुन्हा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. प्रिलिम्स तोंडावर, माझा शेवटून दुसरा अटेम्प्ट, आणि याचे चाळे! मी त्याला तसंच सोडून माझी पानं सुरू केली. रेपो दर, महागाई, मग कुठल्याशा पाणथळ जागेबद्दल. आमचं संपलं. नागू काही बोलला नाही. रुसला असेल, रुसू दे, म्हणून मी फोन ठेवला.

खाली आले तर बाबा कॉफी पीत तोच कन्नड पेपर वाचत होते. बाबा म्हणजे पेपरातली निविदासुद्धा न सोडणारा माणूस. मी सहज म्हटलं, "बाबा, सरगूरच्या त्या अपघाताचं काय झालं?"

"कुठला अपघात?"

"आहे ना राज्याच्या पानावर. नागूनं वाचला आत्ता."

बाबांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "असं काय नाही गं यात."

मी पेपर ओढून घेतला. खरंच नव्हतं. तरी मला काही वाटलं नाही हो... मला वाटलं, नागू थट्टा करतोय. त्याला झापायला म्हणून फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मावशीला लावला.

"मावशी, नागूला दे जरा."

मावशी म्हणाली, "नागू? अगं, तो काल संध्याकाळीच निघाला की. तुझ्याशी फोनवर बोलला, काय मनात आलं कुणास ठाऊक, घरीच जातो म्हणाला. पोचला नाही?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. बाबा "काय झालं, काय झालं" विचारत होते. मी फोनमधला कॉलचा तपशील उघडला. श्वेताचं एकटीचं नाव. तिला लावला, ओरडलेच तिच्यावर, "तू नागूला जोडलं होतंस ना?"

"मी? नाही गं. तू जोडलंस ना?"

तिच्याही फोनमध्ये फक्त माझंच नाव होतं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, कालव्याचा कच्चा रस्ता हा हमरस्त्याला जायचा जवळचा रस्ता, नागू त्यानंच गेला असणार. पण तो मैलोनमैल जातो, आणि साड्यांचं कुंपण म्हणशील तर पोरी, इथं प्रत्येक आल्याच्या शेताला आहे! रानडुकरं येऊ नयेत म्हणून सगळेच जुन्या साड्या बांधतात. "कुठं म्हणून शोधू मी?" मग म्हणाले, "पण तुम्हाला सांगितलं कोणी?" आणि उत्तराची वाट न बघता गाडी घेऊन शोधायला निघाले.

बाबांनी दुकानाची व्हॅन काढली. आमचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे, मागं काचा आणि पट्ट्या तशाच होत्या, त्या प्रत्येक खड्ड्याला खणखणत होत्या. आई घरी थांबली, फोनजवळ. वाटेत कोटे गावाच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा त्यांनी अशी शिवी हासडली, जी मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि लगेच रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने श्वेताला फोन केला.

"श्वेता, आठव. तो काय काय म्हणाला? शब्द न् शब्द सांग."

तिनं सांगितलं. कालव्याचा रस्ता, साड्या, आल्याचं शेत, पाणी. एवढंच मलाही आठवत होतं.

"आणखी?"

"गिरिजा, रागावू नकोस... तू रेपो दर सांगत होतीस ना, तेव्हा तो बोलतच होता. मागे, हळू आवाजात. मला वाटलं तुला मुद्दाम चिडवतोय, म्हणून मी काही बोलले नाही."

मला ते ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे मी माझी महागाई वाचत होते आणि तो तिथं...

"काय म्हणत होता?"

"तेच तेच. पंपघराच्या मागे. बंद पडलेल्या पंपघराच्या मागे. दोन-तीनदा म्हणाला. मग बंद झाला."

मी काकांना फोन लावला. "काका, बंद पडलेलं पंपघर आहे का कुठं?"

"हळे पंपहौस!" काका ओरडले. "जुनं पंपघर, आहे की! आत्ताच त्याच्यासमोरून आलो मी. रस्त्यावरून काय दिसलं नाही गं, मागं सगळी घाणेरीची झुडपं..." आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांनी गाडी वळवली. मला इंजिनचा आवाज येत होता. मग इंजिन बंद झाल्याचा. मग झुडपं बाजूला करत चालल्याचा. बाबांनी व्हॅन कडेला घेतली. आम्ही दोघं एकाच फोनला कान लावून बसलो होतो. कुत्र्यासारखी धाप लागली होती मला, नुसती बसून.

काकांची हाक आली, "नागू! एय नागू!"

पुन्हा झुडपं मोडल्याचा आवाज.

मग काका रडत रडत म्हणाले, "आहे गं. श्वास आहे."

बाईक त्याच्या पायावर पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, ओठ सुकून फुटलेले. फोन त्याच्यापासून लांब पडलेला, स्क्रीनचा चुरा, बॅटरी बाहेर. पलीकडे चार-पाच हातांवर कालवा वाहत होता आणि त्याला तिथपर्यंत सरकता आलं नव्हतं. काकांनी ओंजळीनं पाणी आणून पाजलं.

नागू वाचला. पायात रॉड आहे, अजून काठी घेऊन चालतो, पण वाचला. तो सापडल्यावर पुढचे कितीतरी दिवस बाबा चार-चार पेपर आणून चाळत होते. ती बातमी कुठंही आली नाही. आजतागायत नाही. पोलिसांत साधी नोंद झाली, तेवढीच.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून बघितलंय. क्रॉस कनेक्शन? मग नेमका त्याचाच आवाज कसा, आणि अक्का कशी म्हणाला? माझ्या मनाचे खेळ? मग श्वेतानं कसं ऐकलं, आणि मी न ऐकलेलंही कसं ऐकलं? त्याच्या फोनवरून चुकून कॉल लागला? फोनचे तर तुकडे झाले होते, आणि आमच्या दोघींच्या फोनमध्ये त्याची नोंद नाही. आम्हाला उत्तर लिहायला शिकवतात ना, दोन्ही बाजू मांडा आणि शेवटी संतुलित निष्कर्ष द्या. दोन्ही बाजू मांडून झाल्या, निष्कर्ष काही येत नाही. श्वेता तर हा विषय निघाला की उठून जाते.

सगळ्यात मोठा घोळ तर नागूनंच घातला. त्याला बोलता यायला लागलं तेव्हा हॉस्पिटलात मी त्याच्याजवळ बसले होते. मोसंबी सोलत होते. तो म्हणाला, "अक्का, मी तिथं आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

मी म्हटलं, "तूच तर सांगितलंस."

"मी?"

मी त्याला सगळं सांगितलं. फोन, बातमी, मी त्याला गप्प केलं ते, आणि तरी तो मागून बोलत राहिला ते. मला वाटलं होतं तो म्हणेल, हो, मी मनात तुझ्याशीच बोलत होतो, असलं काहीतरी. तसं म्हणाला असता तर मी कशीबशी समजूत घातली असती मनाची. पण तो म्हणाला, "नाही अक्का. पडल्यावर आधी खूप ओरडलो. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकलं, तेवढंच. मग घसा गेला. मग म्हटलं, कशाला सुम्ने, उगाच. कोण येतंय आता. उजाडायच्या कितीतरी आधी मी हाक मारायचं सोडून दिलं होतं. तुमची कुणाची आठवणसुद्धा येत नव्हती मला. खरं सांगतो."

मग सकाळी सातला माझ्या फोनवर जो बोलत होता, मी गप्प बस म्हटल्यावरही जो थांबला नाही, तो कोण होता? मला माहीत नाही. माझा अजूनही कशावर विश्वास नाही, देवळात मी अजूनही चपला सांभाळत बाहेरच उभी राहते. पण कधी कधी वाटतं, आपण कुणाच्या तरी पाया पडायला हवं. कुणाच्या, तेवढं कळत नाही.