हत्तिणीचा सिनेमा

पेडणे तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेत मुलांना एक कार्टून सिनेमा दाखवायचं ठरलं. हत्तीच्या पिल्लाची गोष्ट होती. दोडामार्गाकडून रानटी हत्ती आमच्या भागात उतरल्यापासून आमची मुलं हत्तीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती. पण सिनेमात पिल्लाची आई मरते, हे एका पालकाने कुठेतरी वाचलं आणि पालकांच्या ग्रुपवर विचारलं, "एवढ्याशा पोरांना मरण कशाला दाखवायचं?" दुसऱ्याने लिहिलं, "रस्त्यावर मेलेलं कुत्रं बघतात, ते चालतं?" शेवटी सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं. टीचरनी आधी बघावा, त्या सांगतील तसं.

शाळा सुटल्यावर ऑफिसात बसून मी तो पाहिला. रक्त नाही, आरडाओरडा नाही. पिल्लू सोंडेने आईला ढकलत राहतं आणि कळपातली म्हातारी हत्तीण त्याला म्हणते, "ती आता उठणार नाही." मी रडले, पण घाबरण्यासारखं मला काही दिसलं नाही. आईबाप शेजारी बसणार असतील तर दाखवायला हरकत नाही, असं सांगायचं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीची आई फाटकापाशी थांबली होती. ती त्याच वर्षी डिचोलीहून भावाकडे राहायला आली होती आणि मांद्र्याला एका गेस्ट हाऊसमध्ये चादरी धुण्याचं काम करत होती.

"टीचर, तो सिनेमा नको," ती म्हणाली. "तिचो पप्पा बोटीर गेलो म्हणान मी तिका सांगलंय."

नवरा डिचोलीला खाणीवरचा ट्रक चालवायचा. अपघातात गेला. मुलगी तेव्हा आजोळी होती. दर रविवारी गावाहून दीर फोन करायचा आणि आपणच बोटीवर नोकरीला गेलेला पप्पा आहोत असं भासवून मुलीशी बोलायचा. दोघा भावांचा आवाज सारखाच होता. "कोणाक सांगू नकात," एवढंच तिने मागितलं. मी हो म्हटलं.

पालकांच्या बैठकीत मी म्हटलं, "थोडं थांबूया."

"का? सिनेमा वाईट आहे?" दुकानवाल्या पालकाने विचारलं.

"वाईट नाही."

"मग कारण सांगा ना, टीचर."

माझ्याकडे कारण होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. मुलं लहान आहेत वगैरे काहीतरी मी बोलले. माझं मलाच पटत नव्हतं, तर त्यांना कुठून पटणार?

म्हणून मी त्या बाईलाच सिनेमा बघायला बोलावलं. म्हातारी हत्तीण बोलू लागली तशी ती उठून खिडकीशी गेली, मग परत येऊन बसली. "म्हातारी कितक्या सहज सांगता," ती म्हणाली. "माझा तोंडच उघडणा नाय." थोड्या वेळाने म्हणाली, बाकीच्यांना दाखवा, त्या दिवशी मी लेकीला घरी ठेवते.

तसंच केलं. मुलांनी सिनेमा शांतपणे पाहिला, काही जणं बापाला चिकटून बसली, आणि नंतर सगळ्यांनी पावभाजी खाल्ली. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं हत्ती-हत्ती खेळू लागली आणि त्या बाईच्या मुलीला त्यांनी पिल्लू केलं. ती जमिनीवर पडलेल्या मैत्रिणीला ढकलत होती. "ती मेली आहे, उठायची नाही, बोलायचीपण नाही," कोणीतरी तिला समजावलं. ती खेळ सोडून माझ्याकडे आली.

"टीचर, मेल्यावर फोन करता येतो?"

कोणाला सांगणार नाही, असा शब्द मी तिच्या आईला दिला होता. खोटं बोलायचं म्हटलं तरी तोंडातून निघेना.

"नाही," मी म्हटलं.

"थोडा वेळपण नाही?"

"नाही गं."

ती नळावर गेली, पाणी प्यायली आणि वर्गात जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन मांद्र्याला गेले. तिची आई गेस्ट हाऊसच्या गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. मी हळू आवाजात झालेलं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने हातातली चादर दोरीवर परत टाकली. "बसा. जाव नकात," म्हणाली. मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "तुझो पप्पा आता उठाचो नाय."

मुलीने विचारलं, "मग फोन कोण करता?"

"काका."

ती आईच्या हातातून सुटून गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. रविवारी काकाचा फोन आला तेव्हा तिने तो घेतला नाही. शाळेत आली ती आठवडा उलटल्यावर, आणि माझ्या टेबलाजवळचा बाक सोडून मागे बसली. आता ती आईपाशी वडिलांच्या गोष्टी काढते, असं तिची आई सांगते. माझ्याशी मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही.

पालक भेटले की अजून म्हणतात, "टीचर, तुम्ही उगाच घाबरत होता. एवढा चांगला सिनेमा, पोरांना काहीसुद्धा झालं नाही."

मी हो म्हणते.